दिवा विझवू नकोस

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

राक्षस आणि मुलीच्या प्रेमाची तुझी पटकथा वाचली, पत्रही वाचलं. पानंच्या पानं भरून तू शेवटी एकच प्रश्न विचारलायस : ‘ताई, शेवटी कुणाला मारू? तिला की त्याला?’ निर्माता म्हणतोय, कुणालाच मारू नका, राक्षसाचा माणूस करा, लोक खूश होऊन घरी जातील. तुझा कॅमेरामन मित्र म्हणतोय, दोघांनाही मार, शोकांतिका म्हटली की मरण आलंच. आणि तू या दोघांच्या मधे, झोप उडालेला.

या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. शेवट जमत नाही म्हणून तू हैराण झालायस, पण बिघाड शेवटात नाहीच. तो सतराव्या प्रसंगात आहे. तिथून पुढे तू कुणालाही मार, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. माझ्या आलं नाही, आणि या जातीच्या गोष्टींना मी फार लवकर रडते.

सतरावा प्रसंग आठव. बंद पडलेल्या खाणीचा सर्व्हे करायला आलेली ती मुलगी दरड कोसळून आत अडकते. कोपऱ्यातून कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. ती वळते, आणि नेमका त्याच क्षणी तिच्या हेल्मेटवरचा दिवा विझतो. पुढची सगळी पानं त्यांचं प्रेम अंधारात वाढत जातं. तो तिला पाणी आणून देतो, तिच्या मोडलेल्या पायाला फळी बांधतो, ती त्याला वरच्या जगातल्या गोष्टी सांगते. त्याचा चेहरा तिला दिसतो तो थेट शेवटच्या पानावर, गोळ्या खाऊन तो उजेडात येऊन कोसळतो तेव्हा. शिवाय पहिल्याच प्रसंगात त्याने दोन कामगारांना फाडून टाकलंय. ते आपल्याला माहीत आहे. तिला ते कधीच कळत नाही.

तुला वाटतंय तू रहस्य राखलंस. माझ्या लेखी तू तिला फसवलंस. जो तिने पाहिलाच नाही त्याच्यावर तिचं प्रेम आहे, हे मी कसं मानायचं? तिचं प्रेम एका श्वासावर आहे, ऊबदार हातावर आहे, तिने मनातल्या मनात रंगवलेल्या कुठल्या तरी अडकलेल्या, मुक्या, भल्या माणसावर आहे. तुझा राक्षस त्या प्रेमात कुठेच नाही.

म्हणून हे पत्र. यात सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि तू कंटाळलास तरी मी ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे : तिला दिसू दे. त्याचा चेहरा दिसू दे, दात दिसू देत, त्याने जे केलंय तेही दिसू दे. आणि लवकर दिसू दे. तिने उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी ती थांबली, किंवा पाहिलं आणि थांबणं तिला झेपलं नाही, या गोष्टींतला सगळा शोक तिथे आहे. मरण नंतर येतं. कधी येतही नाही.

तू ‘किंग काँग’चा आधार घेतलायस. घे, पण नीट बघून घे. 1933 चा तो सिनेमा मला फार प्रिय आहे. विलिस ओब्रायनने जेमतेम दीड फुटाचे बाहुले चौकटीगणिक किंचित हलवून त्या महाकाय वानरात, काँगमध्ये, जीव ओतला. बाहुल्यांवर सशाची फर होती, आणि हलवणाऱ्यांची बोटं लागून ती फर पडद्यावर सतत थरथरताना दिसते. लोक तो दोष समजतात. मला त्या थरथरीमुळेच तो प्राणी सतत चिडलेला, सतत जिवंत वाटतो. पण प्रेमकथा म्हणून हा सिनेमा अर्धाच राहिला. काँग नायिकेकडे, ॲनकडे पाहतो, ॲन काँगकडे पाहतच नाही. ती किंचाळत राहते. तिने किंचाळू नये असं मी म्हणणार नाही, कारण हाच काँग न्यूयॉर्कमध्ये खिडकीतून हात घालून एका झोपलेल्या बाईला उचलतो, ती ॲन नाही हे लक्षात आल्यावर तिला उंचावरून सोडून देतो. आणि शेवटी? ज्या डेनहॅमने त्याला साखळदंडांत बांधून तिकिटं विकली, तोच प्रेताशेजारी उभा राहून म्हणतो की विमानांनी नाही, सौंदर्याने या पशूला मारलं. जगाने या वाक्याला टाळ्या दिल्या. मला दर वेळी संताप येतो. साखळदंड कुणी घातले? त्याला शहरात कुणी आणलं? आणि खापर कुणाच्या डोक्यावर, तर जिने त्याला धड पाहिलंही नाही त्या मुलीच्या! तुझ्या शेवटच्या पानावरचा पोलीस अधिकारी जवळपास हेच बोलतो. ते वाक्य आजच्या आज काढून टाक.

2005 मध्ये पीटर जॅक्सनने हीच गोष्ट पुन्हा केली, तेव्हा त्याने ॲनला पाहायला लावलं. तिथे ती डोंगरकड्यावर त्याच्या शेजारी बसून मावळतीचा उजेड बघते, आणि शेवटी विमानं येतात तेव्हा त्याच्यासाठी त्या उंच इमारतीच्या टोकापर्यंत चढून जाते. सिनेमा लांबलाय, मान्य. तरीही तिथे काँग पडतो तेव्हा खरोखर कुणाचं तरी काहीतरी जातं.

1954 च्या ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधला तो पोहण्याचा प्रसंगही तुझ्या डोक्यात घोळत असणार, तुझ्या खाणीतल्या पाण्याच्या दृश्यात त्याची छाया आहे. नायिका पाण्याच्या पृष्ठभागावर पोहतेय, आणि तिच्या बरोबर खाली तो मत्स्यमानव, पाठीवर उलटा होऊन, तिच्या हातापायांची लय धरत पोहतोय. इतकं एकाकी दृश्य मी क्वचितच पाहिलंय. पाण्याखाली तो प्राणी रिकू ब्राउनिंगने श्वास रोखून साकारला होता. पण ते एकाकीपण त्याचं एकट्याचं आहे, कारण तिला काहीच ठाऊक नाही. ग्येर्मो देल तोरोने लहानपणी हा सिनेमा पाहिला आणि त्याला वाटलं, हे दोघं एकत्र यायला हवे होते. पुढे 2017 मध्ये त्याने ‘द शेप ऑफ वॉटर’ केला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलं. त्याने नेमकं काय बदललं ते बघ. नायिका एलायझा बोलू शकत नाही, पण तिचे डोळे सगळं टिपतात. ती त्याला टाकीत पाहते, साखळीत पाहते, रक्ताळलेला पाहते. तो तिच्या शेजाऱ्याचं मांजर मारून खातो, हेही तिच्यापासून लपवलेलं नाही. तो कुणी शापित राजपुत्र असेल अशी आशा ती एका क्षणासाठीही धरत नाही. ती रोज उकडलेली अंडी घेऊन त्या जलचराकडेच जाते.

आता तुझ्या निर्मात्याच्या मागणीकडे येते. राक्षसाचा माणूस करायचा म्हणे. हा मोह जुना आहे, भल्याभल्यांना सुटला नाही. झाँ कॉक्तोचा 1946 चा ‘ला बेल ए ला बेत’, म्हणजे सुंदरी बेल आणि पशूची गोष्ट, मिळवून बघ. झाँ मारेला त्या पशूच्या रंगभूषेसाठी रोज पाचेक तास बसावं लागायचं, आणि त्या केसांच्या राशीतून त्याचे डोळे असे काही बोलतात की बघणारा हलत नाही. शिकार करून आलेल्या त्या पशूच्या पंजांतून धूर निघत असतो. एका रात्री तो तसाच, रक्ताने माखलेला, बेलच्या खोलीच्या दाराशी येतो. ती किंचाळत नाही, पळत नाही. तुम्हाला लाज वाटत नाही का, असं विचारून ती त्याला स्वच्छ होऊन झोपायला जायला सांगते. अरे, याला म्हणतात पाहणं! त्या एका वाक्यात तिने त्याचं पशुत्व पाहिलंय, मान्य केलंय आणि त्याला त्याबद्दल जाबही विचारलाय. तुझ्या पानापानांत असं एकही वाक्य नाही.

आणि मग सिनेमा संपता संपता तो पशू राजपुत्र होतो. गोरागोमटा, मारेचाच चेहरा, पूर्वी बेलला मागणी घालणाऱ्या आव्हनाँचाही तोच चेहरा. बेल त्याच्याकडे बघते आणि म्हणते की मला सवय करून घ्यावी लागेल. कॉक्तोला हे पुरतं कळत होतं, म्हणून त्याने तिच्या तोंडी ते घातलं. जे तिने इतक्या कष्टाने पाहायला शिकलं ते तिच्याकडून काढून घेतलं गेलंय, आणि बदल्यात एक अनोळखी देखणा तरुण हातात ठेवलाय. वर सगळे म्हणणार, शेवट गोड झाला.

माझ्या कपाटातल्या पटकथेबद्दल तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल. मी हट्टापायी एक जुळत आलेला सिनेमा मोडला, असंच सांगितलं असेल. मी नाही म्हणाले, हे खरं आहे. पैसा लावणाऱ्याला शेवटच्या रिळात मुखवट्याआडून एक देखणा नट बाहेर यायला हवा होता. मी विचारलं, मग त्या बाईने आतापर्यंत ज्या चेहऱ्यावर जीव लावला त्याचं काय करायचं? कुणाकडे उत्तर नव्हतं. तो मुखवटा घडवणारा एक वयस्क कारागीर होता. त्याने त्या चेहऱ्याची एकेक सुरकुती कोरली होती, डाव्या पापणीला मुद्दाम थोडा जडपणा दिला होता. आपलं काम पडद्यावर बघायला मिळण्याआधीच तो गेला, आणि ती खंत माझ्या मनातून जाणार नाही. पण मला सांग, तो मुखवटा टराटरा फाडून आतून नट काढला असता तर त्याच्या हातांचा मान राहिला असता का? ज्यांना तेव्हा मी आडमुठी वाटले, त्यांच्यातल्या एकानेही मला आजवर हे पटवून दिलेलं नाही. पुन्हा ती वेळ आली तर मी तेच करीन. तिला तो चेहरा दिसला होता. दिसलेली गोष्ट न दिसल्यासारखी करण्याचा हक्क मला नव्हता, त्यांनाही नव्हता.

तू म्हणशील, अंधारातही प्रेम होतं की. ‘ब्राइड ऑफ फ्रँकनस्टाइन’मधल्या त्या आंधळ्या म्हाताऱ्याचं काय? बरोबर, 1935 च्या त्या सिनेमात जेम्स व्हेलने तो झोपडीतला प्रसंग असा रंगवलाय की दगडालाही पाझर फुटावा. म्हातारा व्हायोलिन वाजवतो, पाहुण्याला भाकरी देतो, त्याला शब्द शिकवतो, मित्र मिळाला म्हणून देवाचे आभार मानतो. तो पाहुणा म्हणजे राक्षस, आणि तो साकारणाऱ्या बोरिस कार्लोफच्या चेहऱ्यावरून अश्रू ओघळतो. पण तो आसरा टिकतो किती? दोन डोळस शिकारी दार उघडून आत येतात आणि झोपडी पेटते. न पाहता मिळालेलं प्रेम पाहणाऱ्यांच्या पहिल्या पावलासरशी संपतं, हेच व्हेल सांगतोय. तुझी अख्खी पटकथा त्या झोपडीत बसून आहे, आणि तू शिकाऱ्यांना शेवटच्या पानापर्यंत दाराबाहेर थोपवून धरलंयस.

त्याच सिनेमाचा शेवट बघ. त्याच्यासाठी घडवलेली ती वधू डोळे उघडते, त्याच्याकडे पाहते आणि ओरडते. एल्सा लँचेस्टर पडद्यावर वधू म्हणून काही मिनिटंच आहे, तरी तो फूत्कार विसरता येत नाही. तिने नकार दिला. तिला तो हक्क होता. कुणाच्या एकटेपणावर औषध म्हणून तिला बनवलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि तो? तो तिच्या नकाराने मोडतो, ज्यांना जगायचंय त्यांना जायला सांगतो, आपली जागा मेलेल्यांत आहे म्हणतो आणि तिच्यासकट सगळं उडवून देतो. बघ, इथे प्रेम जुळलंही नाही, तरी ही शोकांतिका पुरी आहे, कारण दोघांनी एकमेकांना लख्ख उजेडात पाहिलं. तुझ्या मुलीनेही पाहून नाही म्हटलं तर चालेल. मला चालेल. तिला तेवढी संधी तरी दे.

आता एक गोष्ट तुझ्या बाजूने बोलते, नाहीतर म्हणशील ताई ऐकूनच घेत नाही. प्रेक्षकांपासून लपवायचं असेल तर खुशाल लपव. 1942 चा ‘कॅट पीपल’ बघ. निर्माता व्हॅल ल्युटन, दिग्दर्शक झाक तुर्नर. पैसा थोडा, म्हणून बहुतेक वेळ नुसत्या सावल्या, पोहण्याच्या तलावाच्या भिंतींवर हलणारं पाणी आणि गुरगुर. पडद्यावर अंधार आहे, पण पात्रांसमोर सत्य पहिल्यापासून मांडलेलं आहे. नायिका इरेना आपल्या नवऱ्याला सांगते की तिच्या गावच्या दंतकथा खऱ्या आहेत, जवळ आलास तर माझ्यातलं श्वापद जागं होईल. तो हसतो, समजूत काढतो, शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. त्याला ती आजारी हवी असते, म्हणजे ती बरी होईल. ती सांगतेय तशीच ती असू शकेल, हे तो पाहायलाच तयार नसतो. ती मेल्यावर तो एवढंच बोलतो की ती आपल्याशी कधीच खोटं बोलली नव्हती. तिथे सिनेमा संपतो. भुताखेतांच्या सिनेमातलं याहून क्रूर वाक्य मला माहीत नाही. तेव्हा अंधार ठेवायचाच तर आमच्यासाठी ठेव, सभागृहासाठी ठेव. तिच्या डोळ्यांवर तो बांधू नकोस.

जपानी दिग्दर्शक कोबायाशीच्या 1964 च्या ‘क्वाइदान’मधली हिमस्त्रीची गोष्टही याच दुखण्याची आहे. तिथे ती एका बर्फाच्या रात्री लाकूडतोड्याला कुणाला न सांगण्याच्या अटीवर जिवंत सोडते, मग तो तिला न ओळखता वर्षानुवर्षं तिच्याशी संसार करतो, मुलं होतात, आणि एका रात्री शिवणकाम करणाऱ्या बायकोचा चेहरा दिव्याच्या उजेडात बघून त्याला वाटतं, अरे, ही तर त्या रात्रीच्या बाईसारखी दिसते. पाहिलं त्याने, पण ओळखलं नाही, आणि बोलू नये ते बोलून बसला. ती निघून जाते. तो तिच्यासाठी केलेल्या चपला बाहेर बर्फात नेऊन ठेवतो. यावर मी जास्त लिहीत नाही, तू बघच.

पण तुला खरं शिकायचं असेल तर क्रोननबर्गचा ‘द फ्लाय’, 1986. किळस येते म्हणून अर्ध्यात बंद केलास असं तूच सांगितलं होतंस. पुन्हा लाव आणि या वेळी बंद करू नकोस. सेथ हा शास्त्रज्ञ हळूहळू माशी होत जातो. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने : आधी अंगात बळ येतं, मग राठ केस, मग नखं गळतात, अन्नावर पाचकरस ओकल्याशिवाय खाता येत नाही. व्हेरोनिका पुन्हा पुन्हा तिथे येते. ती पत्रकार आहे, पाहणं हेच तिचं काम. एकदा ती भेटायला येते तेव्हा तिच्यासमोर त्याचा कान गळून पडतो. तो घाबरून तिच्याकडे बघतो, मदत कर म्हणतो. ती त्या गळणाऱ्या, चिघळलेल्या देहाला मिठी मारते. तिच्या चेहऱ्यावरची किळस लपलेली नाही आणि तिची मिठीही सैल होत नाही. पुढे तोच तिला सांगतो की इथून जा, थांबलीस तर मी तुला इजा करीन. आणि शेवटी, यंत्राच्या लोखंडाशी एकजीव झालेलं जे काही उरलंय, ते सरपटत येतं आणि तिच्या हातातल्या बंदुकीची नळी आपल्या डोक्याला लावतं. आता सांग, ‘कुणाला मारू’ हा प्रश्न त्या पटकथेत कुणाला पडला असेल? पडलाच नसणार. तिने इतकं पाहिलंय की ती गोळी कुणी झाडायची याला दुसरं उत्तरच उरत नाही.

हा सिनेमा मी दुसऱ्यांदा पाहिला तो माझ्या घरातलं एक माणूस लांबलेल्या आजारात बदलत गेल्यानंतर. आधी चेहरा बदलला, मग आवाज, मग स्वभाव. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, आत ते तसेच आहेत हो. मला त्या बोलण्याचा राग यायचा. आत कुणी वेगळं बसलेलं नव्हतं. समोर होतं तेच माझं माणूस होतं, आणि मी त्याच्याकडेच पाहत होते. म्हणून कुणी मला सांगायला लागलं की राक्षसाच्या आतल्या सुंदर मनावर नायिकेचं प्रेम बसतं, तर माझा तोल जातो. बाहेरचं सगळं वजा करून उरेल तेवढ्यावर प्रेम करायला काय लागतं?

चेहऱ्याइतकीच, किंबहुना जास्त, त्याच्या कृत्यांची गोष्ट आहे. तू ते दोन कामगार तिच्यापासून लपवलेस, कारण तुला भीती वाटली की कळलं तर ती त्याच्यावर प्रेम करणार नाही, आणि केलं तर आम्ही तिला माफ करणार नाही. ही भीती बाळगून हा प्रकार लिहिता येत नाही, बाळा. टोमास आल्फ्रेडसनचा 2008 चा स्वीडिश सिनेमा, ‘लेट द राइट वन इन’, त्यात ऑस्कर नावाचा एकटा, शाळेत मार खाणारा मुलगा आहे आणि शेजारी राहायला आलेली, वयच न वाढणारी, रक्तावर जगणारी एली. एली त्याच्या बाजूच्या खोलीत एका माणसाचा जीव घेते, तेव्हा ऑस्कर तिथे आहे. तो दार लावून घेतो. मग ती बाहेर येते आणि रक्ताळलेल्या ओठांनी त्याचं चुंबन घेते. पोराला सगळं माहीत आहे. शेवटी दोघं आगगाडीतून निघालेत, ती पेटीत, तो पेटीशेजारी, एकमेकांना मोर्सच्या खुणांनी टकटक करत. दोघांतलं कुणी मेलेलं नाही, दोघं एकत्र आहेत, तो हसतोय. आणि आपल्याला आठवतो तो एलीसाठी खून करणारा उतारवयाचा माणूस, हाकान, जो सिनेमाच्या सुरुवातीला तिच्याबरोबर होता. उद्या ऑस्कर हाकान होणार का? सिनेमा सांगत नाही. तुझा कॅमेरामन मित्र म्हणतो मरणाशिवाय शोकांतिका नाही. त्याला ही आगगाडी दाखव.

आपल्याकडेही याचा नमुना आहे, तू परदेशी सिनेमांतच अडकलायस म्हणून सांगते. विजयदान देथांच्या कथेवर मणी कौलने 1973 मध्ये ‘दुविधा’ केला. नवरा लग्न होताच व्यापाराला निघून जातो आणि झाडावरचं भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं. फसवणं किती सोपं होतं त्याला! पण तो नववधूला खरं काय ते सांगून टाकतो. मी तुझा नवरा नाही, भूत आहे, आता तू म्हणशील तसं. तोवर त्या मुलीला आयुष्यात कुणी काही विचारलेलंच नव्हतं. ती जाणूनबुजून भुताला निवडते. म्हणूनच एक धनगर भुताला युक्तीने मशकीत कोंडतो तेव्हा जे जातं ते तिचं जातं, आणि खऱ्या नवऱ्याबरोबर तिला निमूट राहावं लागतं ती शिक्षा मरणाहून जड वाटते. अमोल पालेकरांनी हीच कथा 2005 मध्ये ‘पहेली’ म्हणून केली. देखणा, रंगीत सिनेमा. पण शेवटी भूत नवऱ्याच्याच देहात शिरून परत येतं, आणि तिच्या निवडीची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. मला ‘दुविधा’तली ती गप्प बाई जास्त जवळची वाटते.

हिडिंबेचंही असंच. ती भीमाला लपवाछपवी न करता सांगते की मी राक्षसी आहे, भावाने तुम्हाला मारायला पाठवलंय. भीमाला सगळं ठाऊक असतं. तरी या प्रेमकथेचं आपल्याला काही वाटत नाही, कारण घटोत्कचाचा जन्म झाला की गोष्ट पांडवांच्या मागोमाग अरण्याबाहेर पडते. मागे राहिलेल्या बाईला काय दिसलं, हे पाहायला कुणी थांबत नाही. यावर कधीतरी तूच काहीतरी कर, माझ्या हातून राहिलं.

आता काम. दिवा विझवू नकोस. सतराव्या प्रसंगात ती वळते तेव्हा उजेड सरळ त्याच्या तोंडावर पडू दे. ती किंचाळली तर किंचाळू दे, दगड उचलून मारला तर मारू दे. तिचा पाय मोडलाय, ती पळू शकत नाही, आणि तो तिथून हलत नाही. पुढचे चार प्रसंग एवढ्यावरच उभे कर. मग तिला त्या कामगारांचा जेवणाचा डबा सापडू दे, झाकणावर नाव कोरलेला. ते नाव तिने हजेरीपटावर वाचलेलं असू दे. ती डबा त्याच्यापुढे धरेल. त्याला बोलता येत नाही, बरंच आहे, तू त्याच्या तोंडी सफाई घालणार होतास. तो मान खाली घालतो की तिच्याकडे बघत राहतो, एवढंच तुला ठरवायचंय, आणि त्यावर तुझा सगळा सिनेमा अवलंबून आहे. त्यानंतर ती त्याने आणलेलं पाणी प्यायली तर ते पाणी पिण्याला अर्थ येईल. आत्ता ती नुसती तहानलेली आहे.

आणि हे काय, तुझ्या राक्षसाला नाव आहे, त्याच्या बालपणाचे तीन प्रसंग आहेत, आणि तिला तू शेवटपर्यंत ‘मुलगी’ म्हणतोस? तू स्वतः त्याच्या प्रेमात पडलायस, हे मला कळतंय, या गोष्टी लिहिणारे सगळेच पडतात. पण पाहणारी ती आहे. तिला आधी कुणी सोडून गेलंय का, तिला वर परत जायचंय का, तिला कशाची किळस येते, यातलं तुला काही माहीत नाही. माहीत करून घे.

निर्मात्याला सांग की राक्षसाच्या त्या प्रोस्थेटिक मुखवट्यावर एवढा खर्च करून तो एका पानासाठी दाखवणं परवडणारं नाही, चेहरा लवकर दाखवू. हे त्याला पटेल. माणूस करण्याचं मात्र मान्य करू नकोस. तो अडून बसला तर माझ्याशी बोलणं करून दे. माझं काय मत आहे ते त्याने ऐकलं असेलच, पुन्हा ऐकेल.

पुढच्या वेळी फक्त सतरा ते एकवीस एवढे प्रसंग पाठव, तिच्या नावासकट. शेवट पाठवू नकोस. पाठवलास तर मी तो वाचणार नाही.

तुझी
ताई